लोखंड वगळणारं यंत्र आणि तंजावरची माती

तंजावरला पोस्टिंग आली की मराठी माणूस आधी तीन जागा बघून घेतो: बृहदीश्वराचं मंदिर, त्याच्या आवारात भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख, आणि राजवाड्यातला सरस्वती महाल. चौथी जागा बहुतेकांच्या यादीत नसते. मंदिराला लागूनच शिवगंगा उद्यान आहे. सकाळी फिरायला येणारे पेन्शनर, झोपाळ्यावरची पोरं, शेंगदाण्याची गाडी, कुठल्याही गावात असते तशीच ही बाग. आजचा लेख या बागेच्या मातीबद्दल आहे आणि एका बटणाबद्दल.

आधी बटण. आपल्यातल्या काही निवृत्त मंडळींनी अलीकडे छंद म्हणून मेटल डिटेक्टर घेतले आहेत. आयुष्यभर सरकारी डिटेक्टर हाताळला, आता स्वतःचा असावा असं वाटणं साहजिक आहे. त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो: बागेत, मैदानात शोधताना ‘डिस्क्रिमिनेशन’ किती ठेवायचं? छंदाच्या प्रत्येक यंत्रावर ही सोय असते. ती चालू केली की यंत्र खिळे, चंदेरी कागद, बाटल्यांची झाकणं यांच्यावर गप्प बसतं आणि नाण्यावर वाजतं, असं माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. प्रश्न तांत्रिक वाटतो. पण तंजावरच्या मातीत उभं राहून त्याचं उत्तर द्यायला गेलं की तो इतिहासाचा प्रश्न होतो. काय वाजू द्यायचं आणि काय गप्प करायचं, हे आधीच ठरवून आपण शोधायला निघालो, तर शेवटी हाती काय लागेल?

यंत्राला वेगळेपण कळतं कसं

ज्यांनी कधी हे यंत्र धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जमिनीवरून फिरवायच्या थाळीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात, त्याचं चुंबकीय क्षेत्र मातीत शिरतं. तिथे धातू असेल तर त्यात छोटे भोवरे-प्रवाह उठतात आणि धातू स्वतःचं क्षेत्र परत पाठवतो. दुसरं वेटोळं ते ऐकतं. परत आलेला इशारा थोडा मागे पडलेला असतो. तो किती मागे पडला यावरून यंत्र अंदाज बांधतं. लोखंड चुंबकाला ओढलं जातं, त्यामुळे त्याचा इशारा पट्टीच्या एका टोकाला पडतो. तांब्याचं जाड नाणं किंवा चांदीचा रुपया दुसऱ्या टोकाला. मध्ये पातळ ॲल्युमिनिअम, शिसं, पितळेचे तुकडे. डिस्क्रिमिनेशन म्हणजे या पट्टीवर एक रेघ ओढायची आणि रेघेच्या खालचं सगळं ऐकायचं नाही असं यंत्राला सांगायचं.

यात एक मेख आहे. यंत्र धातू ओळखत नाही, फक्त इशारा मोजतं. आणि इशारा धातूच्या जातीइतकाच तुकड्याच्या आकारावर आणि जाडीवर अवलंबून असतो. सोनं उत्तम वाहक आहे, पण सोन्याचा कागदासारखा पातळ, मसुराएवढा तुकडा यंत्राला सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदासारखाच वाटतो. उलट गंजलेला मोठा लोखंडी पत्रा कधीकधी चांदीच्या जागी जाऊन वाजतो.

दुसरी मेख याहून मोठी. नाण्याशेजारी खिळा पडलेला असेल आणि लोखंड बंद केलेलं असेल, तर खिळ्यावर गप्प बसताना यंत्र बऱ्याचदा नाण्यावरही गप्प बसतं. जिथे माणसं जास्त राहिली तिथे खिळे जास्त. म्हणजे जिथे इतिहास दाट, तिथेच हे बटण जास्त बहिरं.

या यंत्राचा इतिहासही आसपासच्या धातूने गोंधळ घातल्यापासून सुरू होतो. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे अडकली आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन गेले. यंत्राचं तत्त्व बरोबर होतं, पण रुग्णाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी इशारा बिघडवला. गोळी सापडली नाही. गारफिल्ड सप्टेंबरात वारले.

आपल्या कामात हे बटण नव्हतं

सुरुंग शोधणाऱ्या सैनिकाला डिस्क्रिमिनेशन शिकवलं जात नाही, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी स्कॉटलंडमध्ये असताना हातात धरून चालवता येईल असा डिटेक्टर तयार केला. त्याचं पेटंट न घेता त्यांनी तो ब्रिटिश सैन्याला दिला. ऑक्टोबर १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत असे सुमारे ५०० डिटेक्टर वापरले गेले. त्या काळचे सुरुंग बहुतेक लोखंडी पत्र्याचे होते, म्हणजे छंदाच्या यंत्रात सगळ्यात आधी जे वगळतात तेच तिथे जीव घेणारं होतं. पुढे प्लास्टिकच्या खोक्याचे सुरुंग आले. आपल्याला सगळ्यांना माहीत असलेल्या एम-१४ जातीत धातू म्हणजे टोचणीची अणी आणि डेटोनेटरचं आवरण, एवढंच. बाटलीच्या झाकणापेक्षाही बारीक इशारा. तिथे ‘हा कचरा असेल’ म्हणून पुढे पाऊल टाकता येत नाही. प्रत्येक आवाजाला प्रॉडर घालून बघावं लागतं, आणि शंभरातले नव्व्याण्णव आवाज कचऱ्याचे निघाले तरी शंभराव्यालाही तेवढाच वेळ द्यावा लागतो.

बॉम्बे सॅपर्सच्या जवानाला हे वेगळं सांगायला नको. १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आफ्रिकेत सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या रस्त्यावरचे १५ सुरुंगक्षेत्रं शोधून मोकळे करवून घेतले, सगळ्यात पुढच्या गाडीत बसून. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली, तेही शत्रूच्या माऱ्याखाली. कारवारजवळच्या चेंडियाचे राणे, परमवीर चक्राचे मानकरी. दोघेही आपल्या खडकीच्या घराण्यातले. त्या रस्त्यांवर ‘एवढं सोडून देऊ’ असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

मग बागेत का नसावी? कारण बागेत जीव जात नाही, हे खरं. पण दुसरं काही जातं. ते काय, हे बघायला तंजावरइतकी चांगली जागा नाही.

शिवगंगेच्या बागेत काय गप्प बसेल

बाग नगरपालिकेने १८७१-७२ च्या सुमारास केली, पण जमीन फार जुनी. सोळाव्या शतकात सेवप्पा नायकाच्या काळात उभ्या राहिलेल्या छोट्या किल्ल्याच्या, म्हणजे शिवगंगा कोटाच्या आत ती आहे. त्याच कोटात राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं बृहदीश्वराचं मंदिर. तलावाजवळ १७७९ सालचं चर्च. मिशनरी श्वार्ट्झ यांच्यासाठी सरफोजीराजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतलेलं संगमरवरी शिल्प त्यात आहे. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजे आले, तेव्हापासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य. चालायला दहा मिनिटं लागतील एवढ्या टापूत चोळ, नायक, मराठे, इंग्रज आणि आपण.

आता अशा जमिनीवर परदेशी पुस्तकात सांगितलेली सेटिंग लावली असती तर काय झालं असतं? (ही कल्पनाच करायची. प्रत्यक्षात इथे यंत्र लावायचं नाही. त्याचं कारण पुढे येईलच.) वरून खाली जाऊ.

पहिला थर आपलाच. १९९२ पासूनचा आपला एक रुपया पोलादाचा आहे, चुंबकाला चिकटतो. अमेरिकेच्या नाण्यांवर बेतलेली ‘लोखंड बंद’ ही सेटिंग आपला चालता रुपयाच कचऱ्यात काढते! त्याआधीची पाच, दहा, वीस पैशांची ॲल्युमिनिअमची नाणी आठवतात ना, पाण्यावर तरंगतील इतकी हलकी? तीही कॅनच्या कडीच्या आणि झाकणांच्या पट्ट्यात अडकण्याची शक्यता मोठी. म्हणजे ज्या नाण्यांनी आपण शाळेबाहेर बोरं-चिंचा घेतल्या तीच यंत्राला ऐकू येणार नाहीत. त्याच्या खालचा, १९४० पूर्वीचा चांदीचा रुपया मात्र खणखणीत वाजेल. ११.६६ ग्रॅमचं वजन, बारा भागांत अकरा भाग चांदी. बागेत सगळे साहेब आणि सावकारच फिरत होते असं वाटावं, इतका एकतर्फी हिशोब निघेल.

त्याखाली राजांचा काळ. तंजावरच्या जमाखर्चात चक्रम हे नाव सारखं येतं, आणि दक्षिणेत रोजच्या व्यवहारात फणम नावाचं सोन्याचं चिमुकलं नाणं चालत असे. फणम अर्ध्या ग्रॅमपेक्षाही हलका, व्यास शर्टाच्या बटणाहूनही लहान. वर सांगितलं तसं, एवढं पातळ सोनं यंत्राला चंदेरी कागदच वाटतं. कागद वगळण्यासाठी रेघ थोडी वर सरकवली की सोन्याचं राज्य संपलं.

शिसं घ्या. तंजावरच्या नायक राजाकडून १६२० साली डेन्मार्कच्या लोकांनी तरंगंबाडीला किल्ला बांधायची परवानगी मिळवली. तिथल्या डॅनिश वखारीची सुरुवातीची हलकी नाणी शिशाची होती. गरिबाच्या हातात फिरणारं नाणं ते. बारीक, झिजलेलं शिसं रेघेखाली सहज जातं.

शिशाचीच दुसरी वस्तू म्हणजे बंदुकीची गोळी, आणि इथे आपल्या लोकांचे कान टवकारतील. १७५८ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच सेनापती लाली याने तंजावरला वेढा दिला. गादीवर प्रतापसिंहराजे होते. लालीला पैसा हवा होता. त्याचा दारूगोळा संपत आला, कारैकलच्या समुद्रावर इंग्रज आरमार दिसल्याची बातमी आली, आणि त्याला वेढा उठवून जावं लागलं. मराठी फौजेने परतीच्या वाटेवरही त्याला सुखाने जाऊ दिलं नाही. पुढे १७७१ मध्ये इंग्रज आणि अर्काटचा नवाब मिळून चालून आले, १७७३ मध्ये त्यांनी शहर घेतलं आणि तुळजाजीराजे कैद झाले. १७७६ मध्ये राज्य त्यांना परत मिळालं. या लढायांमध्ये ज्या बंदुका चालल्या त्यांच्या गोळ्या वेगवेगळ्या मापाच्या असत. इंग्रजी मस्केटची गोळी सुमारे साडेसतरा मिलिमीटरची, फ्रेंच साधारण सोळाची. कुठली गोळी कुठे पडली हे नकाशावर मांडता आलं तर फळी कुठे उभी होती, मारा कुठून झाला, मागे कोण हटलं, हे कागदावर न लिहिलेलं सगळं वाचता येईल. ‘मधला पट्टा बंद’ म्हटलं की ते पान फाटलं.

आणि लोखंड. शहराच्या पूर्व बाजूला बुरुजावर रघुनाथ नायकाच्या काळातली म्हणून सांगितली जाणारी प्रचंड तोफ आहे. साडेसात मीटर लांब, वजन सुमारे २२ टन. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या जुळवून, त्यांवर लोखंडाचीच कडी तापवून चढवत घडवलेली आहे. जगातल्या घडीव लोखंडी तोफांमध्ये तिची गणना होते. ज्या भट्ट्यांनी ती घडवली त्यांचे खिळे, बिजागऱ्या, नांगराचे फाळ, घोड्याचे नाल याच जिल्ह्याच्या मातीत आहेत. तंजावरच्या लोहारांचं सगळं कसब ‘लोखंड बंद’ या एका बटणाने पुसलं जातं.

मग वाजेल काय? राजराजाचं तांब्याचं नाणं वाजेल. एका बाजूला उभा पुरुष, दुसऱ्या बाजूला बसलेला, आणि शेजारी नागरी लिपीत ‘श्रीराजराज’. हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ राजाचं नाव मराठी माणसाला सहज वाचता येतं, हे बघून प्रत्येकाला गंमत वाटते. तांबं आणि चांदी सापडेल. आणि जो फक्त तेवढंच घेऊन घरी येईल तो मनापासून म्हणेल की इथे तांबं आणि चांदीच होती. यंत्राने जे वगळलं ते नव्हतंच, असं वाटू लागतं. मला खरी भीती त्याचीच आहे.

जागा गेली की वस्तू मुकी होते

अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नावाचं रणांगण आहे. २५ जून १८७६ ला कस्टर आणि त्याच्या हाताखालची तुकडी तिथे मारली गेली. शंभर वर्षं त्या लढाईवर पुस्तकं लिहिली गेली. १९८३ मध्ये वणव्यात गवत जळालं आणि १९८४ पासून डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांच्या रांगा करून, डिटेक्टर घेऊन ते मैदान पद्धतशीर चाळलं. प्रत्येक इशाऱ्याला झेंडी, प्रत्येक वस्तूची जागा आणि दिशा नोंदलेली. काडतुसांच्या टोप्यांवर बंदुकीच्या चापाची खूण असते. तीच खूण दोन-तीन ठिकाणी सापडली की एक बंदूक, म्हणजे एक माणूस, कुठून कुठे गेला हे कळतं. लोखंडी बाणांची टोकंही त्यात होती. दोन्ही बाजू किती आणि कुठल्या शस्त्रांनी लढल्या, याचं चित्र त्यातून नव्याने उभं राहिलं. यात कमाल यंत्राची कमी आणि नोंदीची जास्त होती.

उलट उदाहरण आपल्या घरचं आहे. १९७४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला झुडपाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला चार कांस्यवस्तू मिळाल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, सगळे मिळून साठ किलोंवर. भारतातल्या सगळ्यात महत्त्वाच्या शोधांपैकी हा एक. पण त्या पुरातत्त्वज्ञांच्या डोळ्यांदेखत थरातून निघालेल्या नाहीत. त्यामुळे त्या उत्तर-हडप्पा काळातल्या की नंतरच्या, यावर मोठमोठ्या अभ्यासकांत मतभेद झाले. कुणी कलाकुसर दाखवली, कुणी धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण दाखवलं. त्या शेतकऱ्याचा यात काहीही दोष नाही, तो सरपणासाठी खणत होता. पण मुद्दाम यंत्र घेऊन निघालेल्या माणसाला ती सबब देता येत नाही.

कायदा काय म्हणतो

इथे सरळ बोलतो, कारण आपल्यातल्या कुणी नकळत अडकू नये. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खणणं १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने बंद आहे. बृहदीश्वराचं मंदिर तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत. बाग सार्वजनिक आहे म्हणून जमीन आपली होत नाही. जुना, पण अजून चालू असलेला १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. कळवलं नाही तर आपला वाटा तर जातोच, वर तुरुंगवासही होऊ शकतो. कळवलं, आणि त्या वस्तूला कुणी मालक निघाला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन भाग आणि जमीनमालकाला एक भाग अशी वाटणी मूळ कायद्यातच आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपूर्वीची वस्तू ही पुरावस्तू ठरते. म्हणजे शिवगंगेच्या बागेतलं जवळपास सगळंच.

आणि सांगून टाकल्याने काय होतं, तेही या भागात दिसतं. एप्रिल २०२३ मध्ये सीरकाळीच्या सट्टैनाथ मंदिरात यज्ञशाळेसाठी माती काढताना पंचधातूच्या मूर्ती आणि तेवारम् स्तोत्रं कोरलेले शेकडो ताम्रपट सापडले. ते गुपचूप कुणाच्या घरी गेले असते तर तांब्याचं वजन झालं असतं. जागच्या जागी कळलं म्हणून तो ठेवा ठरला.

महाराष्ट्रात तर गडकिल्ल्यांवर गुप्तधनासाठी खणलेले खड्डे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यातून कुणाचं घर सोन्याचं झालेलं मी पाहिलेलं नाही. जोती मात्र उखडलेली पाहिली आहेत.

कागदातलंही तेच

हे बटण फक्त यंत्रावर असतं असं समजू नका. सरस्वती महालातल्या संस्कृत पोथ्यांची यादी ए. सी. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने करून १८८० मध्ये छापली. काम मोठंच. पण त्याच राजवाड्यात मोडी कागदांची गाठोडी होती. रोजचा खर्च, पगार, अन्नछत्राचा हिशोब, वैद्याची यादी. त्या वेळच्या विद्वानांच्या पट्टीवर संस्कृत ग्रंथ चांदीच्या टोकाला होते आणि मोडी हिशोब खिळ्यांच्या. रेघ ओढली गेली होती. पुढे शंभर वर्षांनी इथल्या तमिळ विद्यापीठात या मोडी कागदांचं वाचन झालं, तमिळमध्ये भाषांतर होऊन ते प्रसिद्ध झालं. तंजावरात मराठी राज्य खरोखर कसं चाललं, कोण जेवलं, कुणाला किती मिळालं, हे त्या खिळ्यांतून कळतं.

चांदीच्या टोकालाही कमी मिळालं नाही, हे मान्य. कवींद्र परमानंदांचं ‘शिवभारत’ याच ग्रंथालयातल्या हस्तलिखितामुळे आपल्याला मिळालं, आणि स. म. दिवेकरांनी ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केलं. पण शिवराय कसे लढले हे सांगणारी पोथी आणि त्यांच्या भावाच्या वंशजांकडे पाणक्याला काय पगार होता हे सांगणारा चिटोरा, एकाच कपाटातले आहेत. एक वाचायचा आणि दुसरा टाकायचा, हे ठरवणारे आपण कोण?

राजराजाने हे टाळलं होतं, म्हणून त्याचं मंदिर एवढं बोलतं. त्याच्या भिंतींवरचे लेख बघा. देवाला दिलेल्या सोन्याचं वजन कुठल्या मापाने केलं त्या मापाच्या दगडाचं नाव आहे, ‘आडवल्लान’. दागिन्यांची नोंद आहे, दिव्यांसाठी दिलेल्या जनावरांची आहे, आणि मंदिरात नेमलेल्या चारशे नर्तिकांची नावं, त्यांच्या राहण्याच्या गल्लीसकट आहेत. सोन्याच्या शेजारी माणसं, एकाच भिंतीवर, एकाच आकाराच्या अक्षरांत. १८०३ मध्ये सरफोजीराजांनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला तोही याच आवारात. दगडावर लिहिणाऱ्यांची ही शिस्त त्यांनी इथेच पाहिली असणार, असं मला वाटतं.

तर मग सेटिंग काय ठेवायची

यंत्र विकून टाका असं माझं म्हणणं नाही. शेतात हरवलेलं नांगराचं पातं, विहिरीच्या कडेला पडलेली पान्याची पेटी, मुलीची कुडी, जुन्या पाइपलाइनचा पत्ता, यासाठी स्वतःच्या जमिनीवर किंवा मालकाच्या परवानगीने खुशाल वापरा. तिथे काय शोधतोय हे माहीत असतं, म्हणून डिस्क्रिमिनेशनला अर्थ आहे. कुडी शोधायची तर रेघ अगदी खाली ठेवा, कारण बारीक सोनं कागदासारखं वाजतं. पातं शोधायचं तर लोखंड चालू ठेवा. आजूबाजूला खिळे फार असतील तर थाळी लहान लावा आणि हात हळू फिरवा. बटणाने जे साधत नाही ते बऱ्याचदा हळू चालल्याने साधतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

बाग, गड, देवळाचं आवार, जुनी पांढरी, नदीचं पात्र, इथे मात्र यंत्र पिशवीतच राहू दे. आणि विहीर खणताना, पाया घेताना, नांगर फिरवताना जुनं काही समोर आलंच, तर आपली जुनी ड्रिल वापरा: थांबा, हात लावू नका, खूण करा, कळवा. सुरुंग असो की ताम्रपट, ड्रिल एकच. तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालय, जवळचं संग्रहालय, पुरातत्त्व खातं, कुणालाही कळवलं तरी चालतं. वस्तूचा फोटो घ्या, पण त्याआधी जागेचा घ्या.

नातवंडांना घेऊन तंजावरला येणार असाल तर शिवगंगेच्या बागेत जरूर जा. तिथून मोठ्या मंदिरात या आणि त्यांना भिंतीवरचा मराठी लेख दाखवा. मग खिशातला रुपया चुंबकाला लावून दाखवा आणि सांगा, की आजपासून तीनशे वर्षांनी कुणी घाईचा माणूस यंत्र घेऊन इथे आला तर हा त्याला दिसणारसुद्धा नाही. पोरं लगेच विचारतात, ‘मग आजोबा, आपण होतो हे त्याला कळणार कसं?’ प्रश्न बरोबर आहे. तो धीराने, एकही आवाज न टाळता शोधेल, तर कळेल.

जय हिंद.